ऑरलिन बुडाल्यानंतर: दोघांच्या नौकेवर कप्तान कोण?

४ मार्च १९७३. प्रशांत महासागरात, गॅलापागोस बेटांच्या पूर्वेला अडीचशे-तीनशे मैलांवर, 'ऑरलिन' नावाच्या ३१ फुटी शिडाच्या नौकेला सकाळी सकाळी एका स्पर्म व्हेलची धडक बसली. तासाभरात नौका तळाशी गेली. नौकेवर दोनच माणसं होती, तिचे मालक मॉरिस आणि मॅरलिन बेली. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातलं हे जोडपं आता एका फुगवायच्या गोल तराफ्यात आणि त्याला दोरीने बांधलेल्या छोट्या रबरी डिंगीत येऊन बसलं. तिथून त्यांची सुटका झाली ती थेट ३० जूनला, दक्षिण कोरियाच्या 'वोल्मी ३०६' या मासेमारी जहाजाने त्यांना पाहिलं तेव्हा. तोवर ते दीड हजार मैलांच्या आसपास वाहत गेले होते.

हे प्रकरण बहुतेक वेळा सहनशक्तीची कमाल म्हणून सांगितलं जातं. कमाल होतीच. पण दीर्घ पल्ल्याच्या प्रवासाला निघणाऱ्या जोडप्यांनी ते वाचावं असं मला वाटतं, त्याचं कारण वेगळं आहे. या चार महिन्यांत कोणते निर्णय झाले, ते कुणी घेतले, आणि निर्णय घेणारं माणूस कधी बदललं, हे इथे स्पष्ट दिसतं. दोघांच्या नौकेवर तिसरं कुणी नसतं. एक जण खचला की नौकेवरचं अर्धं मनुष्यबळ गेलं, आणि खचणारा कप्तानच असेल तर पुढे काय, याचा विचार किनाऱ्यावर असताना फारसं कुणी करत नाही.

निघण्यापूर्वी

मॉरिस छपाईच्या धंद्यात नोकरीला होता, मॅरलिन कर खात्याच्या कचेरीत. लग्न १९६३चं. घर विकून नौका घ्यायची ही कल्पना मॅरलिनची होती, आणि पुढचं सगळं समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घर विकलं, नौका घेतली, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिचं नाव ठेवलं आणि तिच्यावरच राहत त्यांनी तयारी केली. जून १९७२ मध्ये ते इंग्लंडहून निघाले. न्यूझीलंड गाठायचं आणि तिथेच स्थायिक व्हायचं असा बेत होता. अटलांटिक त्यांनी व्यवस्थित पार केला. फेब्रुवारी १९७३ मध्ये पनामा कालवा ओलांडला. आता गॅलापागोस, मग मार्केसास बेटं आणि पुढे पॅसिफिकचा लांबलचक पल्ला.

कामांची वाटणी त्या काळातल्या बहुतेक जोडप्यांसारखीच होती. मॉरिस कप्तान, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजून स्थान काढणं, शिडं, हवामान हे त्याच्याकडे. मॅरलिनकडे शिधा, स्वयंपाक, सामानाची मांडणी आणि पाळीपाळीने पहारा. तिला पोहता येत नव्हतं.

नौकेवर संदेश पाठवणारा रेडिओ नव्हता. विसरला नव्हता, जाणूनबुजून घेतला नव्हता. बाहेरच्या जगाचा हस्तक्षेप नको, प्रवासाचं स्वातंत्र्य अबाधित राहावं, अशी मॉरिसची भूमिका होती. आज वाचताना हा निर्णय अंगावर येतो, पण त्या वेळी लहान नौकांवर लांब पल्ल्याचे रेडिओ महाग आणि वजनदार होते, आणि विजेच्या बाबतीत खादाड. हाताळायला सोप्या व्हीएचएफ रेडिओ संचाचा आवाका जेमतेम दहा-वीस मैलांचा. म्हणून रेडिओ नव्हता एवढ्यासाठी मी मॉरिसला दोषी धरणार नाही. मला खटकतं ते हे की, रेडिओ नसल्यामुळे जी पोकळी राहिली ती भरून काढायला दुसरी कुठलीच व्यवस्था नव्हती. धोक्याचा संदेश कुणालाही गेला नाही. नौका बुडाली हे त्या दोघांखेरीज जगात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिला तास

धडक बसली तेव्हा मॅरलिनचा पहारा संपत आला होता आणि मॉरिस खाली होता. व्हेल जखमी होता, पाण्यात रक्त दिसत होतं. नौकेच्या कडेला, पाण्याच्या रेषेखाली, साधारण दीड फूट लांब आणि फूटभर रुंद भोक पडलं होतं.

एवढ्या भोकातून किती पाणी येतं याचा अंदाज घ्यायला हवा. पाण्याखाली फूट-दोन फूट खोल असलेल्या अशा भोकातून मिनिटाला कित्येक हजार लिटर पाणी आत घुसू शकतं. हातपंप त्यापुढे काहीच नाही. दोघांनी पंप चालवला, बाहेरून भोकावर शीड ताणून बसवायचा प्रयत्न केला, आतून उशा आणि पांघरुणं कोंबली. तरी पाणी चढतच राहिलं. साधारण पाऊण तासाने त्यांनी नौका सोडायचा निर्णय घेतला.

आपली नौका वाचणार नाही हे मान्य करणं फार अवघड असतं. पाच मिनिटांत हात टेकले असते तर नौका उगाच सोडल्यासारखं झालं असतं. आणखी दहा मिनिटं झगडत बसले असते तर तराफ्यात रिकाम्या हाताने उतरावं लागलं असतं. त्यांनी मधला क्षण पकडला. तराफा आणि डिंगी पाण्यात टाकणं आणि पाण्याचे डबे काढणं मॉरिसने केलं. मॅरलिनने आतून खाण्याचे डबे, भांडी आणि हाताला लागतील त्या उपयोगी वस्तू पिशव्यांत भरल्या. होकायंत्र, सेक्स्टंट, नाविक पंचांगाचं पुस्तक, एक लहान गॅस शेगडी आणि तिची रोजनिशी वाचली. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे तिला अंधारातही सांगता आलं असतं, कारण ती मांडणी तिनेच केली होती. त्या पाऊण तासात पुढच्या चार महिन्यांचा पाया घातला गेला, आणि त्यातला मोठा वाटा शिधा सांभाळणाऱ्या व्यक्तीचा होता.

एक उणीव मात्र नंतर जाणवली. तराफ्याच्या आपत्कालीन सामानात मासेमारीचे गळ नव्हते.

वल्ही मारायची की वाहत जायचं

पहिला मोठा वाद परिस्थितीशी होता. गॅलापागोस पश्चिमेला, थोडं दक्षिणेकडे. या भागातला विषुववृत्तीय प्रवाह पश्चिमेकडे वाहतो, म्हणजे रेखांशाचं काम समुद्रच करत होता. प्रश्न दक्षिणेकडे सरकण्याचा होता. मॉरिसचा हिशेब असा की, डिंगीतून वल्ही मारत तराफा ओढला आणि रोज थोडं थोडं दक्षिणेला सरकलं, तर बेटांच्या अक्षांशावर पोचता येईल. नाही तर प्रवाह त्यांना बेटांच्या उत्तरेकडून मोकळ्या महासागरात नेणार.

कागदावर हा हिशेब बरोबर होता. पण गोल तराफ्याला नाळ, म्हणजे पाणी कापणारं निमुळतं टोक, नसते. तो ओढला की पाणी पुढे तुंबतं आणि प्रत्येक वल्ह्याचा जोर त्या तुंबलेल्या पाण्यातच जिरतो. उन्हापासून वाचायला ते रात्री वल्ही मारत. तरीही उष्ण कटिबंधात अशा श्रमाला तासाला अर्धा-एक लिटर घाम जाऊ शकतो, आणि त्यांच्याजवळचं पाणी डब्यांत मोजलेलं. काही रात्रींनंतर सेक्स्टंटने स्थान काढलं तेव्हा दक्षिणेकडची प्रगती नगण्य निघाली.

मग त्यांनी वल्ही थांबवली. माझ्या मते हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. प्रयत्न करणं योग्य होतं, कारण बेटं खरोखरच आवाक्यात वाटत होती. आणि मोजमापाने उलट सांगितल्यावर थांबणं त्याहून योग्य. अंगातलं पाणी घामावाटे घालवत, केवळ काही तरी करत असल्याच्या समाधानासाठी आणखी दोन आठवडे वल्ही मारली असती तर मार्चअखेर दोघं संपले असते. सेक्स्टंट वाचवला नसता तर थांबायचं कधी हे त्यांना कळलंच नसतं. पुढे त्यांनी एक कासव दोरीने बांधून ते तराफा ओढतं का, हेही पाहिलं. ते ओढूही लागलं. मग जोडीला दुसरं बांधलं, तर ते उलट दिशेला जाऊ लागलं. हे वाचून कुणाला हसू येईल. मला त्यात माणसं अजून प्रयोग करत होती, विचार करत होती, हे दिसतं.

अन्न आणि पाणी

डबे संपत आले तसं समुद्रातून मिळवणं भाग पडलं. मॅरलिनने सेफ्टी पिना वाकवून गळ केले. तराफ्याखाली शेवाळ आणि शिंपले जमले की लहान मासे येतात, माशांमागे मोठे मासे येतात, आणि कासवं तराफ्याच्या तळाला येऊन धडकतात. वाहता तराफा काही आठवड्यांत असा स्वतःचा जीवसमूहच तयार करतो. त्यांनी कासवं मारली, त्यांचं मांस आमिष म्हणून वापरून ट्रिगरफिश पकडले, तराफ्यावर येऊन बसणारे समुद्रपक्षी धरले, पुढे पुढे तर लहान शार्क हातांनी पकडले. बहुतेक सगळं कच्चंच खाल्लं. ताजं कच्चं मांस, यकृत आणि माशांचे डोळे यांतून थोडं क जीवनसत्त्व मिळतं. महिनोन्‌महिने भाजी-फळाचा तुकडा नसताना हे महत्त्वाचं ठरतं. माशांच्या डोळ्यांतून थोडा ओलावाही मिळायचा.

नुसत्या मांसावर जगणाऱ्याला पाणी जास्त लागतं, कारण प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी हवं असतं. पाऊस नसेल तेव्हा पोटभर मासे खाणं धोक्याचं, आणि पाऊस पडला की मात्र खाण्यावर हात सैल सोडायचा, हा समतोल त्यांना रोज साधावा लागला. तराफ्याच्या छतावरून गोळा केलेल्या पाण्याला रबराची उग्र चव असायची. तेच प्यायले.

नंतर एका माशाच्या काट्याने तराफ्याची खालची नळी फुटली. दुरुस्ती टिकली नाही. पुढे दिवसरात्र हवा भरत राहावं लागलं, म्हणजे सलग झोपही गेली. खाऱ्या पाण्याने अंगावर फोड आले, मॉरिस आजारी पडला. जूनमध्ये खवळलेल्या समुद्रात डिंगी उलटली आणि काही सामान गेलं.

सात जहाजं

सुटका होण्याआधी सात जहाजं जवळून निघून गेली. पहिलं तर आठवड्याभरानंतरच दिसलं होतं. त्यांनी इशाऱ्याचे दारूचे बाण पेटवले. काही फुसके निघाले, बाकीचे कुणी पाहिले नाहीत. मॅरलिन नारिंगी रेनकोट हलवत उभी राहायची. जहाज येताना मोठं होत जायचं आणि मग लहान होत जायचं.

जहाजांवरच्या लोकांना दिसत कसं नव्हतं, हा प्रश्न साहजिक आहे, पण त्याला साधं उत्तर आहे. पाण्यापासून मीटरभर उंचीवर डोळे असतील तर क्षितिज जेमतेम दोन सागरी मैलांवर असतं. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या कक्षात, पंधरा मीटर उंचीवर उभ्या माणसाचं क्षितिज आठेक मैलांवर असतं. म्हणजे तराफ्यातून जहाजाचा वरचा भाग दुरून दिसतो, पण जहाजावरून पाहणाऱ्याला तराफा हा लाटांमध्ये क्षणभर वर येणारा ठिपका असतो. मैलभर अंतरावरही तो सुटू शकतो. रबर रडारला जवळपास दिसतच नाही. दिवसाउजेडी लाल बाण फिका पडतो. त्यात मोकळ्या महासागरात ऑटोपायलटवर चाललेल्या जहाजावर पहारा देणारा एखादाच माणूस, तोही तराफ्याच्या दिशेला बघत असेलच असं नाही. जहाजावर सावध पहारा ठेवणं हा १९७२च्या टक्करप्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम आहे; हे नियम लागू झाले १९७७ मध्ये, पण पहारा ठेवण्याची अपेक्षा तेव्हाही होतीच. जगात तिचं पालन किती असमान होतं ते या सात जहाजांनी दाखवलं. वोल्मीसुद्धा आधी पुढे निघून गेलं होतं. मग ते वळलं.

कप्तानपद कसं सरकलं

मॉरिसची सगळी कौशल्यं नौका हाकण्याची होती: शीड, सुकाणू, मार्ग. तराफ्यावर शीडही नाही, सुकाणूही नाही. वल्ही थांबवली त्या दिवशी मार्ग निवडण्याचं कामही संपलं. नौका गेली, तिच्याबरोबर त्याचं कामही गेलं, आणि उरलं ते स्वतःला दोष देणं. त्याला निराशेने ग्रासलं. जगण्याची इच्छा कितीदा तरी विझत आली. मॅरलिनच्या बळावर आपण तगलो हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं.

तिच्याकडे मात्र काम शिल्लक होतं, इतकंच नव्हे तर वाढलं होतं. शिधा वाटणं, पाण्याचा हिशेब, मासेमारी, पहाऱ्याच्या पाळ्या, रोजनिशी. तराफ्यावर जे जे करायचं होतं ते तिचंच क्षेत्र होतं. म्हणून मला ही फक्त बायको खंबीर आणि नवरा कमकुवत अशी गोष्ट वाटत नाही. अधिकार कामाच्या मागे गेला. तो जाऊ देण्याइतकी लवचिकता दोघांत होती, हे त्यांचं खरं भाग्य. मॉरिसने कप्तानपदाचा हट्ट धरून ठेवला असता, किंवा मॅरलिनने बुडाल्याचा हिशेब त्याच्याकडे मागत बसायचं ठरवलं असतं, तर दोन मीटरही रुंदी नसलेल्या त्या जागेत काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

तिने आणखी एक गोष्ट केली, ज्याचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. कागदाचे पत्ते आणि डॉमिनो करून ती त्याच्याशी खेळायची. घरी परतल्यावर काय रांधायचं, कुणाला जेवायला बोलवायचं याची ती यादी करायची. आणि पुढच्या नौकेचे, ऑरलिन द्वितीयचे, आराखडे ती रोजनिशीत काढायची, त्यावर त्याचं मत घ्यायची. पाण्याच्या टाक्या कुठे, शिधा कुठे, शिडं कशी. मॉरिसचं तांत्रिक डोकं रिकामं राहिलं तर ते स्वतःलाच खाईल, हे तिने ओळखलं असावं असं मला वाटतं. त्याचं पद तिच्याकडे आलं होतं, पण त्याचं स्थान तिने त्याच्याकडेच ठेवलं.

आपली सुटका होणारच अशी तिची नियतीवर श्रद्धा होती. मॉरिसला ती मान्य नव्हती. विश्वास आणि अविश्वास एकाच तराफ्यात नांदले. प्रत्येक जहाज निघून गेल्यावर हवा भरण्याची पाळी ज्याची होती तो हवा भरायला बसला.

आजच्या साधनांनी काय बदललं असतं

बरंच. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, म्हणजे संकटाचा रेडिओ इशारा पाठवणारं यंत्र, आज अशा प्रवासात घेतातच. तो सुरू केला की कॉस्पस-सारसॅट उपग्रहांमार्फत नोंदणी क्रमांकासह इशारा बचाव केंद्रापर्यंत पोचतो, आणि बीकनमध्ये जीपीएस असेल तर अचूक स्थानही कळतं. या व्यवस्थेने पहिला जीव वाचवला तो १९८२ मध्ये, बेलींच्या नऊ वर्षांनंतर. जहाजांना एकमेकांचं स्थान कळवणाऱ्या एआयएस व्यवस्थेच्या लहान बीकनचा संदेश आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर उमटतो, म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर सगळं अवलंबून राहत नाही. बीकन असता तर बेलींचे चार महिने बहुधा काही दिवसांवर आले असते.

मधल्या टप्प्यावरचं उदाहरण म्हणजे बिल आणि सिमोन बटलर हे अमेरिकी जोडपं. १९८९ मध्ये कोस्टा रिकापासून दूर पॅसिफिकमध्येच पायलट व्हेलच्या कळपाने त्यांची 'सिबोनी' ही नौका फोडली. त्यांच्या तराफ्यात समुद्राचं पाणी गोडं करणारं, हाताने चालवायचं यंत्र होतं. पाण्याची विवंचना त्यामुळे बरीच कमी झाली. तरीही ते ६६ दिवस वाहत राहिले, कारण दिसण्याचा प्रश्न त्या यंत्राने सुटत नव्हता.

आणि बीकन असला तरी बचावपथक येईपर्यंतचे तास किंवा दिवस दोघांनाच काढायचे असतात. तिथे साधन नाही, माणूस लागतो.

होनोलुलूला उतरले तेव्हा दोघांचं प्रत्येकी अठराएक किलो वजन घटलं होतं, पायांत उभं राहण्याचं बळ नव्हतं. तरी रोजनिशीतली नौका त्यांनी पुढे खरोखर बांधली आणि ऑरलिन द्वितीय घेऊन ते दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाकडे गेले.

जोडीने लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी या प्रकरणावरून सराव करायचा असेल तर मी एक सराव सुचवेन. बंदरात नांगर टाकलेला असताना, जो कप्तान आहे त्याने कोपऱ्यात गप्प बसायचं, सूचना करायची नाही, विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याने भोक पडलंय असं धरून पंप, शीड, उशा, तराफा, पाणी, बीकन आणि आपत्कालीन पिशवी असं सगळं एकट्याने करायचं. मग दुसऱ्या दिवशी भूमिका उलट. शिधा सांभाळणाऱ्याने गप्प बसायचं आणि कप्तानाने गळ, गॅस, औषधं, कॅन उघडायची चावी कुठे आहे ते शोधायचं. जे सापडलं नाही त्याची यादी करायची आणि ती यादी संपल्याशिवाय नांगर उचलायचा नाही.